खालच्या डोहाची ओंजळ

नाकावरचा रुमाल काढलात तरी चालेल, मॅडम. थोड्या वेळात सवय होते, साहेबांनाही होईल. हा आमच्या कोंडसड्याचा खालचा डोह. वर झरा आहे, समोर दरी आहे, दरीत ढग उतरलेत, तुमच्या त्या गुळगुळीत पुस्तिकेत छापलंय अगदी तसं. आणि इथे हे तपकिरी पाणी, वर साय धरलेली, मेलेल्या घुशीसारखा वास. यात कोणी काही टाकत नाही, कोणी काही धूत नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या असंच आहे. याची हकिकत ऐकल्याशिवाय या गावात कोणा धंदेवाल्याला कुदळ मारू देत नाहीत. ती सांगायचं काम आम्हा झोऱ्यांच्या घराकडे आहे, म्हणून सांगतो.

फार पूर्वी म्हणे खाली बंदरावर अंतशेट नावाचा दोरखंडांचा व्यापारी होता. गलबतांना दोर लागायचे, पण बंदरावर उकाडा, पाणी खारं, आणि मजूर तोंड वर करून बोलणारे. एकदा तो घाट चढून इथे आला. गार वारा, वाहतं गोडं पाणी, सड्याच्या माळावर हवी तेवढी अंबाडी, आणि माणसं अशी की अनोळखी पाहुण्यालाही आधी गूळपाणी द्यायची. असा देखावा दुसरीकडे नाही, असं तो म्हणाला म्हणे. काल जीपमधून उतरल्या उतरल्या तुम्हीही हेच म्हणालात, साहेब.

मग त्याने देशावरच्या कोरड्या गावांत दवंडी पिटवली. गार हवा, बारमाही पाणी, राहायला घर. पाण्याचं नाव ऐकून माणसं बिऱ्हाडं उचलून निघाली. त्यांत येसू नावाची एक विधवा होती, सोबत मुलगा आणि सून चंद्री. चंद्रीची दोन मुलं दुष्काळात पोटातच गेली होती आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. हे मूल तरी पाण्याकाठी जन्मावं, एवढ्यासाठी येसू तिला हळूहळू चालवत दहा मुक्काम करत घेऊन आली, असं सांगतात.

अंतशेटने आपलं घर बांधलं झऱ्याच्या तोंडाशी, जिथून दरी दिसते. त्याच्याखाली अंबाडी कुजवायचे चर खणले. आणि त्याच्याही खाली, या डोहाकाठी, कामकऱ्यांची खोपटी. अंबाडीचा वाख, म्हणजे दोराचा धागा, काढायचा तर जुड्या दगडाखाली दाबून पंधरा-पंधरा दिवस पाण्यात कुजत ठेवाव्या लागतात. सालं सुटतात तेव्हा असा वास येतो की जेवणारा ताटावरून उठतो. चरांमधलं ते सगळं पाणी इथे उतरायचं. मासे उलटे झाले. सोलणाऱ्या बायांच्या हातांची कातडी गेली.

तरी सुरुवातीला पिण्याचं पाणी वरच्या झऱ्यावरून आणता यायचं. पण बंदरावरचे बडे व्यापारी हवा खायला शेटकडे येऊ लागले, ओट्यावर बसून दरी बघू लागले, आणि मधूनच घागरी घेतलेल्या, वाखाचा वास मारणाऱ्या बाया त्यांच्यासमोरून जायच्या. देखावा बिघडतो म्हणून अंतशेटने झऱ्याला कुंपण घातलं. मला किळस येते ती या डोहाची नाही, साहेब, या कुंपणाची येते. डोळे मिटून कोणी पाप केलं तर समजू शकतो, पण हा रोज डोळे भरून दरी बघत होता.

येसूने काम थांबवलं आणि तिच्यामागून सगळ्यांनी थांबवलं. ती म्हणाली, "शेट, माझ्या सुनेने जे प्यायचं ते एकदा तुम्ही पिऊन दाखवा. मग आम्ही जुड्यांना हात लावू." पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्याने गड्याला भांडं घेऊन खाली धाडलं, भांडं आलं, आणि सगळ्यांच्या देखत तो घटाघटा प्यायला. वर मिशा पुसून म्हणाला, "बघा, काही होत नाही. नुसतं शेवाळ आहे." लोकांना बरं वाटलं. मालक पितो म्हटल्यावर चंद्रीही मन घट्ट करून प्यायली.

महिन्याभरात ती जुलाब-उलट्यांनी गेली, पोटातल्या मुलासकट. तिला उचलायच्या वेळी वरून निरोप आला की पाहुणे बसलेत, मागच्या वाटेने न्या. तो निरोप आणणारा गडीच पुढे चालेना. खाली बसून त्याने सांगून टाकलं की त्या दिवशी भांडं त्याने वाटेवरून परत नेलं होतं, शेटच्याच सांगण्यावरून. पाणी झऱ्याचं होतं.

येसू रडली नाही म्हणतात. सुनेला पोहोचवून ती या डोहात उतरली, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि तशीच चढण चढून अंतशेटच्या ओट्याशी उभी राहिली. "आता भांडं नको. माझ्या हातचं प्या. तुम्ही पीत नाही तोवर मीही पाणी घेणार नाही." त्याने आधी समजूत घातली, मग नवं लुगडं देऊ केलं, मग दार लावून घेतलं. पाहुणे नाक धरून तिला वळसा घालून गेले. तीन दिवस ती तिथेच होती, आणि ओंजळीतून थेंब गळला नाही, असं सांगतात. तिसऱ्या दिवशी बसल्या जागी तिचा जीव गेला. ओंजळ तशीच होती. त्याच क्षणी झऱ्याच्या तोंडातून हे असलं पाणी यायला लागलं म्हणे. ओट्यावरची बडी माणसं ओकत ओकत घाट उतरली आणि त्यांच्यामागे अंतशेट. तो पुढे कुठे गेला ते आमच्याकडे कोणी विचारत नाही.

कामकऱ्यांनी कुंपण उपटलं, चर बुजवले. झरा नऊ दिवसांत निवळला. डोह मात्र निवळला नाही.

म्हणून आजही इथे धंदा काढणाऱ्याने आधी या डोहाचं ओंजळभर पाणी प्यायचं. भांड्यातून नाही, स्वतः भरूनही नाही. त्याच्याकडे जी बाई सगळ्यात खालच्या कामाला लागणार, तिच्या हातून. येसू गेली त्या येसाईच्या दिवशी आम्हीही घरटी एकेकजण पितो, मळमळतं, मरत कोणी नाही. एक कुंभार प्यायला होता, त्याची भट्टी अजून चालते. बाकीच्यांना कुठून तरी महत्त्वाचा फोन येतो.

तुमच्या हॉटेलाच्या यादीत संडास धुवायला जिचं नाव लिहिलंय ना, सखुबाई झोरे, ती माझी सून. ती बघा, पाण्यात उतरली. बसा साहेब, ड्रायव्हरला गाडी चालू करू नको म्हणावं.