पवळेसाठी राजमुद्रा

एका राज्यात भिवरा नावाची एक रंगारीण राहत असे. नदीकाठी तिची झोपडी, दारात निळीचे रांजण, आणि हात कोपरापर्यंत कायमचे निळे. तिची धाकटी बहीण केतकी, केतकीचा नवरा रायाजी आणि त्यांची लेक पवळा त्याच गावात नांदत होती.

एके दिवशी शेतात रायाजीच्या नांगराला सोन्याने भरलेला हंडा लागला. तो कपालसेन मांत्रिकाचा होता, आणि शापित होता. रायाजीने हात लावला, तो हात तिथेच चिकटला. सोडवायला केतकी धावली, तिचाही हात हंड्याला चिकटला. त्या दिवसापासून दोघे हंड्याची राखण करत बसली. त्यांना भूक लागेना, तहान लागेना, आणि आपले मूल आठवेना.

भिवरेने पवळेला घरी आणले. कापड उकळायचे, बुडवायचे, पिळायचे. मध्येच पोरीची वेणी घालायची, तिला भरवायचे, आणि आई कधी येणार या प्रश्नाला रोज काहीतरी उत्तर द्यायचे. असे वर्ष गेले. भिवरा थकली.

मग कपालसेन दारी आला. म्हणाला, "आईबाप हंड्यापाशी, तर मूलही हंड्याचे. सातवे वर्ष लागले की हंडा तिला हाक मारील, आणि ती चालत जाईल."

"ती माझ्याजवळ आहे," भिवरा म्हणाली.

"जवळ आहे. पण तुझी आहे, असे कुठे लिहिले आहे?"

पवळेला सातवे लागायला दोन महिने होते. भिवरेने तिला पाठुंगळी घेतले आणि तीन दिवस चालून राजधानी गाठली. राजा वृद्ध होता. त्याने सारे ऐकून घेतले.

"तू तिला सांभाळतेस, हे दिसते. पण पालकत्व मुद्रेवाचून मिळत नाही. आधी आईबापांची संमती आण. मग असा साक्षीदार आण, ज्याला यात काहीही मिळायचे नाही. शेवटी मुलीला विचारू."

"मुलगी तर इथेच आहे, महाराज. वाट लांबची आहे."

"संमतीवाचून तिला विचारता येत नाही," राजा म्हणाला. त्याच्या स्वरात कठोरपणा नव्हता. "हा नियम माझ्याहून जुना आहे."

भिवरा तीन दिवस चालून परतली. पवळेला बांधावर बसवून ती हंड्यापाशी गेली. "केतकी, पवळेला माझ्या हवाली करतेस का?"

"कोण पवळा?" केतकीने विचारले.

भिवरा तिथेच बसली. तिने बहिणीच्या जटा सोडवल्या, तिचे तोंड पुसले. दुसऱ्या दिवशीही तेच विचारले, तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी ती नुसतीच बसून राहिली. बोलायचेही त्राण उरले नव्हते. तेव्हा केतकी आपणहून म्हणाली, "तिला ताप आला तर कपाळावर ओली घडी ठेवू नकोस. तिला सोसत नाही. तळपाय चोळ." एवढे बोलून तिने डोळे मिटले. गालावरून ओघळलेल्या थेंबाचा मोती झाला. रायाजीने मोकळ्या हाताचा अंगठा ओल्या मातीत दाबला आणि ते ढेकूळ भिवरेपुढे सरकवले.

साक्षीला मात्र गावातले कोणी येईना. मांत्रिकाचे भय सर्वांना होते. शेवटी नदीकाठची टिटवी म्हणाली, "मी येईन. पण पाहिले तेच सांगेन."

पुन्हा तीन दिवस. पाठीवर पोर, ओटीत मोती आणि ढेकूळ, डोक्यावर उडती टिटवी. दरबारात कपालसेन आधीच येऊन बसला होता.

मोती आणि अंगठा उमटलेले ढेकूळ पाहून राजाने संमती मान्य केली आणि टिटवीला विचारले. टिटवी म्हणाली, "या बाईने एकदा पोरीला मारले. एकदा पोर रडत होती आणि ही अर्धा दिवस पाठ फिरवून बसली. पण पोर जेवल्याशिवाय ही कधी जेवली नाही."

"हे खरे?" राजाने विचारले.

"खरे आहे," भिवरा खाली पाहत म्हणाली.

"साक्ष ग्राह्य आहे. मुली, तू कोणाची?"

"आईची," पवळा म्हणाली.

कपालसेन हसला. "ऐकलेत, महाराज? आई हंड्याची, मुलगी आईची."

भिवरा मात्र शांतपणे बोलली. "ती खरे बोलली, महाराज. ती आईचीच आहे. मला तिला आईपासून तोडायचे नाही. फक्त सांभाळायचे आहे."

राजा पुन्हा पवळेकडे वळला. "आईला तुला सांभाळता येत नाही, तोवर तू कुणाकडे राहशील?"

पवळेने थोडा विचार केला. "मावशीकडे. ती रागावते. पण हाक मारली की येते."

राजाने मुद्रा उमटवली.

त्याच घटकेला तिकडे शेतात हंडा तडकला. पवळा मावशीच्या हवाली झाली होती, त्याला वारस उरला नव्हता. सोन्याची माती झाली, दोघांचे हात सुटले. हंड्याबरोबर कपालसेनाची विद्याही गेली. तो साधा म्हातारा होऊन दरबारातून काठी टेकत निघून गेला.

भिवरा घरी पोचली तेव्हा केतकी आणि रायाजी तिच्या अंगणात बसली होती. दोघांच्या हातांना कंप होता. पाण्याचा तांब्याही उचलवत नव्हता. पवळा आईला जाऊन बिलगली. भिवरेने मुद्रेचा कागद बहिणीपुढे धरला. "हा परत देऊ का?"

केतकीने आपल्या हातांकडे पाहिले. "इतक्यात नको, अक्का. अजून काही दिवस राहू दे."

मग भिवरेने चौघांचा भात टाकला. त्या वर्षात प्रथमच पवळेला दुसऱ्या कोणी जवळ घेतले होते, म्हणून भिवरा भिंतीला टेकली आणि भात शिजेपर्यंत झोपली.

भिवरेचा शीण उतरला, तसा ऐकणाऱ्यांचाही उतरो.