पलीकडच्या खोलीतला आवाज

“वायफाय फुल्ल दाखवतंय, बुवा. चित्रही काचेसारखं येतंय. मग सुलाक्काचा आवाज का जात नाही?”

विक्रांत चौगले मठाच्या ओसरीत उभा होता. पुण्यात नेटवर्कचा इंजिनिअर. दोन वर्षांपासून सुट्टी मिळाली की आजऱ्याला मौनगिरी बुवांकडे येणारा.

बुवा शेंगा सोलत होते.

“केवढं यंत्र बसवलंस?”

“आठ अँटेनांचं. आधीच्या राउटरची रेंज त्या खोलीपर्यंत पोचत नव्हती. याची पार ओढ्यापर्यंत जाते.”

“ओढ्यावर कोण राहतं?”



मठाचा स्वयंपाक सुलाक्का बघते. तिची खोली बागेच्या टोकाला आहे, एकटी, जांभ्या दगडाची. मी मठातच राहतो; तिथपर्यंतची पावलं मोजली आहेत, ब्याऐंशी. तिथे मोबाइलला रेंज नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिचा पाय मोडला, तेव्हापासून ती तिथेच पडून होती. खुर्चीत बसवून मठात नेऊ म्हटलं तर म्हणे, “माझी वरात काढायची नाही.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिच्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं, जर्मनीत. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्याने इथून सांगायचं, तिकडे फोन बाळाच्या कानाशी धरायचा, असं ठरलं होतं.

बारशाच्या आदल्या सकाळी, विक्रांतचं नवं यंत्र लागल्यावर, तालीम झाली. बाळ दिसलं. भावाचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. तिकडे मात्र सुलाक्काचा एक शब्द धड पोचला नाही.

“राहू दे, अक्का,” शेवटी भाऊ म्हणाला. “इथली शेजारीण सांगेल कानात.”

सुलाक्का “बरं” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

“वायर टाकून बघ की,” बुवा म्हणाले.

विक्रांत हसला. “बुवा, वायर नको म्हणून तर वायफाय. आजकाल वायर कोण ओढतं? यालाच अजून ताकद देतो.”

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

“तू तिच्या खोलीत जाऊन बस. मी काही विचारलं तर तिथूनच उत्तर दे.”

विक्रांत गेला. बुवांनी आरतीच्या भोंग्याचा माइक हातात घेतला.

“विक्रांत, सकाळची आमटी कोणी केली होती?”

बांबूच्या बेटातले पक्षी उडाले.

बुवा थांबले...

“विक्रांत, आमटी कोणी केली होती?”

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मलाही काही ऐकू आलं नाही.

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा विक्रांत धावतच आला.

“मी केली म्हणून तीनदा ओरडलो, बुवा! सुलाक्कासुद्धा ओरडली, ती आमटी नव्हती, खाऱ्या पाण्यात डाळ पोहत होती म्हणून. तुम्हाला आलं नाही ऐकू?”

“नाही. तुला माझं?”

“सगळ्या गावाला गेलं असेल.”

बुवांनी भोंग्याचं बटण फिरवलं, अगदी शेवटपर्यंत.

“घे, वाढवला. जा आता. आता तुझं उत्तर मला येईल.”

विक्रांत वळला. दोन पावलं गेला आणि थांबला...

त्याने आठ अँटेनांकडे पाहिलं. मग हातातल्या फोनकडे.

“याला एवढा घसा नाही,” तो हळूच म्हणाला.

बुवा पुन्हा शेंगांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रांत गडहिंग्लजहून वायर घेऊन आला. कुदळ त्याने स्वतः मारली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तीनच्या सुमारास वायर खोलीत पोचली आणि सुलाक्काच्या उशाशी वायफायची एक छोटी पेटी लागली. मठातलं मोठं यंत्र काढून त्याने जुनंच परत लावलं. तेवढं पुरलं.

पाच वाजता फोन लागला. पाळणा दिसला.

“अक्का, ऐकू येतंय गं!” भाऊ ओरडला. “तुझ्या बांगड्या वाजल्या, त्यासुद्धा ऐकू आल्या!”

सुलाक्काने पदराने डोळे टिपले. तिकडे कुणीतरी फोन बाळाच्या कानाजवळ नेला. पडद्यावर नुसतं जावळ दिसू लागलं.

विक्रांत दारात उभा होता, कोपरापर्यंत मातीने भरलेला. त्याला राहवेना.

“मोठ्यांदा सांगा, सुलाक्का! घसा सोडून!”

सुलाक्काने छाती भरून श्वास घेतला.

खाटेजवळ बसलेल्या बुवांनी हात वर केला.

“हळू गं,” ते म्हणाले. “बाळ दचकेल.”