उसनी जोडी

घाटाखालच्या एका गावात ख्रिस्ती लोकांची लहानशी मंडळी होती. त्या मंडळीतली एक मुलगी, शलोमी, दूरदेशी शिकून परत येत होती. वाटेत तिने मनाशी सगळे चित्र रंगवले होते: देवळाच्या पायरीवर तिची मैत्रीण दीना उभी असेल, गळ्यात पडून आधी दोन शिव्या घालेल, मग रडेल. प्रत्यक्षात पायरीवर मंडळीचे वडीलधारे कारभारी शमुवेलदादा हार घेऊन उभे होते. उपासना चालवणारे पाळकसाहेब होते, गाणारी पोरे होती. दीना नव्हती.

"दादा, दीना कुठंय?" शलोमीने हार गळ्यात पडायच्या आधीच विचारले.

शमुवेलदादांनी हाराचा दोरा सारखा केला. "तिची सहभागिता बंद केली आहे. देवळात यायचं नाही, प्रभुभोजन घ्यायचं नाही."

"सहभागिता म्हणजे काय नळ आहे, बंद करायला?"

पोरे हसली. दादा हसले नाहीत.

घडले होते ते असे. माळावर दगडफोड्यांची पाले उतरली होती. गढीच्या धन्याचे आणि त्यांचे मजुरीवरून बिनसले, तेव्हा त्याने ताकीद दिली की ह्यांना गावात कुणी पाणी द्यायचे नाही. दीनाने देवळाच्या विहिरीचे पाणी शेंदून पालांवर नेले. देवळाची वाट धन्याच्या शेतातून जात होती. तो म्हणाला, "ती बाई देवळात दिसली, की वाटेवर काटे टाकीन." मंडळीने वाट राखली आणि दीनाला घरी बसवले.

या मंडळीची एक जुनी रीत होती. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून घ्यायची ती प्रभुभोजनाची भाकर कुणी आपल्या हाताने मोडून घ्यायची नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येकाला एक जोडीदार मिळे. ह्याने मोडून त्याला द्यायची, त्याने मोडून ह्याला. जोडीदार आजारी पडला, तर त्याच्या घरी भाकर पोहोचेपर्यंत इकडचाही तोंडात घालत नसे. परदेशात शलोमी ही रीत कौतुकाने सगळ्यांना सांगायची. तिची जोडीदार दीना होती.

"जोडीदाराची काळजी नको," शमुवेलदादा म्हणाले. "आमच्या सुनेची जोडीदार वारली. उद्यापासून तू आणि सूनबाई. आणि रविवारची शाळा तुझ्या हाती देतोय. त्याचसाठी आलीस ना?"

त्याचसाठी ती आली होती. मुलांना शिकवायचे, हे एकच स्वप्न तिने इतकी वर्षे उराशी बाळगले होते. तिने पाळकसाहेबांकडे पाहिले. ते भले होते, पण त्यांना देवळातल्या दिव्याची वात नीट करायचे नेमके तेव्हाच सुचले.

दिवस मावळायच्या आत शलोमी दीनाच्या घरी गेली. दीना अंगणात मिरच्या निवडत बसली होती.

"आली का मडमीण? बस. गोऱ्यांच्या देशात खुर्ची लागायची सवय झाली असेल, आमच्याकडे पोतं आहे."

शलोमी पोत्यावर बसली आणि मिरच्या निवडू लागली.

"देठ काढ गं, मिरची नको मोडूस! काय शिकवलं तुला तिकडं?" दीना हसली. मग हात थांबवून हळूच म्हणाली, "सूनबाईशी जोडी लावलीय म्हणे तुझी."

"लावू देत."

"शलू, ऐक. उद्या तू आत गेलीस, भाकर घेतलीस, तरी मी रुसायची नाही. शाळा हातची घालवू नकोस. माझं काय, मी इथं बसून प्रार्थना करतेच."

"तू रुसली असतीस तर सोपं होतं," शलोमी म्हणाली. "पाणी दिलंस त्याचा पस्तावा होतो का?"

"तहानलेल्याला पाणी दिल्याचा? तू शिकून आलीस की खुळी होऊन?" दीनाने मिरचीचा हात विसरून डोळे पुसले आणि "मेले, मेले" म्हणत पाण्याकडे धावली. दोघी हसल्या. पण दीनाच्या डोळ्यांतले पाणी काही नुसत्या मिरचीचे नव्हते. भाकरीवाचून तिचा जीव किती तळमळत होता, हे शलोमीने ओळखले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरले. पाळकसाहेबांनी भाकरीचे तबक पुढे केले. शमुवेलदादांच्या सुनेने भाकर मोडून शलोमीपुढे हात धरला. तिलाही किती दिवसांत भाकर मिळाली नव्हती.

शलोमी उभी राहिली. "मला नको. माझी जोडीदार जिवंत आहे, आणि तिला अजून मिळालेली नाही."

"शिकून आलीस म्हणून मंडळीत फूट पाडतेस?" शमुवेलदादा कडाडले. "खाली बस! नाहीतर शाळा गेली, आणि तुझीही सहभागिता बंद!"

"करा बंद, दादा. ज्या सहभागितेची चावी गढीवर आहे, ती मला नको. वाटेवर काटे पडले तर मी अनवाणी येऊन उचलीन. पण धनी म्हणेल त्या बहिणीला आपण बाहेर ठेवणार असू, तर उद्या तो म्हणाला, ख्रिस्ताला बाहेर काढा, मग काय कराल?"

सूनबाईचा हात खाली गेला. शलोमी तिच्याकडे वळून म्हणाली, "तुझ्यावर राग नाही बाई. दीनाच्या अंगणात ये. तिघींची जोडी होते का बघू."

"मामंजी," सूनबाई सासऱ्यांकडे न बघता म्हणाली, "मलाही उसनी जोडी नको."

पाळकसाहेबांनी तबक खाली ठेवले. "शलोमी, पोरी," ते कळवळून म्हणाले, "इथून गेलीस तर तू कुठल्या मंडळीची राहशील?"

"दीनाच्या," ती म्हणाली. "आम्ही दोघी आहोत, पाळकसाहेब. दोघं-तिघं माझ्या नावानं जमतील तिथं मी येईन, असं प्रभूच म्हणालाय; त्याला यायला तेवढ्या पुरतात."

आणि भर उपासनेत, सगळ्यांच्या देखत, ती दार उघडून दीनाच्या घराकडे चालू लागली.

तात्पर्य इतकेच की, सोबत्याला दाराबाहेर ठेवून राखलेली जागा देवाच्या घरातली नसते.