ओल्या खांबांचे सभागृह

पूर्वी कंकणपूर नगरात महासेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या सागवनात, सुतारांच्या वस्तीत जन्माला आला आणि पुढे त्या वस्तीचा मुखिया झाला. सोमिल हा त्याचा धाकटा भाऊ.

वस्तीची एक रीत होती. तोडायच्या झाडाच्या बुंध्यावरची साल कड्यासारखी काढायची आणि त्याला दोन वर्षे उभ्याउभ्याच वाळू द्यायचे. मग तोडलेल्या लाकडावर मुखिया कुऱ्हाडीच्या पाठीने ठोका मारी. आवाज खणखणीत आला तर 'वाळले' म्हणे, बद्द आला तर न बोलता पुढे जाई. त्या एका शब्दावर नगरातली घरे उभी राहत आणि वस्तीच्या चुली पेटत.

राजाला युवराजाच्या अभिषेकासाठी शंभर खांबांचे सभागृह हवे होते, तेही चार महिन्यांत. राजांना धीर धरायची सवय नसते, आणि ती लावणाराही कोणी भेटत नाही.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, वाळलेली झाडे अठराच आहेत. ती सगळी घ्या. बाकीच्यांना दोन वर्षे द्या."

"वनात तर हजार झाडे दिसतात."

"उभी आहेत, महाराज. तयार नाहीत."

त्या संध्याकाळी सोमिल घरी आला. "दादा, वरून राळेचा लेप दिला तर कोणाला कळणार? तू नुसतं 'वाळलं' म्हण. नाहीतर राजा वस्ती उठवील. पोरंबाळं घेऊन जायचं कुठं?"

"तुझी भीती खोटी नाही. पण त्या छपराखाली माणसं बसणार आहेत, सोमिला. माझ्या तोंडून तो शब्द निघायचा नाही."

राजाने बोधिसत्त्वाला वस्तीबाहेर काढले आणि मुखियाची कुऱ्हाड सोमिलच्या हाती दिली. सोमिलने ठोके मारले, बद्द आवाज ऐकला आणि दर वेळी 'वाळले' म्हटले. ज्या वनावर नातवंडांनी जगायचे, ते एका हिवाळ्यात संपले. बोधिसत्त्व उरलेल्या खुंटांमध्ये झोपडी बांधून राहिला. त्याला फार वाईट वाटे, पण भावाला दोष द्यायला त्याची जीभ उचलत नसे.

उन्हाळा तापला तसे खांब पिळवटले, सांधे उघडले. एके दुपारी सोमिल धापा टाकत झोपडीवर आला. "दादा, तुळया करकरतायत. आत दरबार भरलाय. माझं कोण ऐकणार आता?"

दोघे धावले. बोधिसत्त्वाने मधल्या खांबावर ठोका मारला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ओले आहे. बाहेर निघा." त्याने कधी खोटा शब्द दिला नव्हता, म्हणून राजासकट सगळे उठले. छपरावर चार कामगार फटी बुजवत होते. ते उतरेपर्यंत सोमिल त्या खांबाला खांदा लावून उभा राहिला.

लोकांना दाराबाहेर काढून बोधिसत्त्व मागे वळला. "तू जा, दादा," एवढेच सोमिल म्हणाला. शेवटचा कामगार उतरला आणि छप्पर कोसळले. दाराकडचे अठरा खांब तेवढे उभे राहिले. त्यांच्यामध्ये होता म्हणून बोधिसत्त्व वाचला.

सोमिलच्या चितेसाठी सगळ्या वनात एक वाळलेले झाड उरले नव्हते. शेवटी सभागृहाच्याच तुळया फोडून चिता रचली. त्या आतून अजून ओल्या होत्या. दोन दिवस नुसता धूर निघत राहिला, आणि बोधिसत्त्व शेजारी बसून फुंकर घालीत राहिला.

पुढे कित्येक जन्मांनंतर, पावसाळ्यातल्या वर्षावासाआधी विहार पुरा व्हावा म्हणून भिक्षू ओली झाडे तोडू लागले, तेव्हा त्यांचे गुरू असलेल्या शास्त्यांनी त्यांना थांबवून ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा विहार घाईने बांधवून घेणारा श्रेष्ठी. सोमिल म्हणजे हा कुऱ्हाड घेऊन उभा असलेला भद्दक. मुखिया मीच होतो."

भद्दकाने कुऱ्हाड खाली ठेवली. त्याला मान वर करवेना.

शास्ते त्याच्याकडे पाहत म्हणाले, "त्या जन्मी मी सत्यपारमिता पाळली. ती पाळूनही माझा भाऊ गेला."