येसूचा दगड

कातळवेळच्या खोताच्या बागेत विहिरीला लागून एक फरसबंदी चौक आहे. सगळा काळ्या दगडाचा, आणि सगळा खडबडीत. अनवाणी चाललात तर तळव्यांना गुदगुल्या होतील, पण भर श्रावणातही पाय सरकायचा नाही. पूर्वेच्या कोपऱ्यातला एकच दगड मात्र आरशासारखा गुळगुळीत आहे. पाहुणे आले की नेमके त्याच्यावरच उभे राहून फोटो काढायला धावतात, आणि देवळाचे म्हातारे गुरव, भिवातात्या, तितक्याच नेमाने ओरडतात, "त्येच्यार पाय नको हां! आधी आयका, मगे काय तां करा."

तात्या सांगतात ती गोष्ट त्यांच्या आज्याने सांगितलेली, आज्याला त्याच्या आज्याने. किती वर्षांपूर्वीची, ते कोणालाच ठाऊक नाही.

तेव्हा गावात सोमजी नावाचा पाथरवट होता. असा हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता, असे सांगतात. पण त्याच्या नशिबी कामे यायची ती जात्यांना टाकी लावायची, नाहीतर उंबरठे घडवायची. पोट भरायचे, मन भरायचे नाही. त्याची बायको येसू खोताच्या बागेत पाणी वाहायची. विहिरीपासून पोफळींपर्यंत, डोक्यावर घागर, दिवसाला साठ-सत्तर खेपा. अशा सहा-सात जणी होत्या.

एका वर्षी खोताच्या मनात आले की विहिरीजवळ पाहुण्यांना बसायला चौक बांधावा. जांभा नको, त्याला पावसात शेवाळ धरते. काळा दगडच हवा, असे सोमजीने सुचवले. इथवर सगळे शहाणपणाचेच होते. पण खोत म्हणाला, "सोमजी, दगडात माझं तोंड दिसलं पाहिजे."

दुसरा पाथरवट असता तर म्हणाला असता, पाण्याच्या वाटेवर घोटलेला दगड घालत नाहीत. सोमजीला ते ठाऊक नव्हते असे नाही. त्याचा बाप म्हणायचा, दगड हाताने बघू नये, पायाने बघावा. कोरडा बघू नये, ओला बघावा. फरसबंदी पुरी झाली की बाप स्वतः तिच्यावर पाणी ओतायचा आणि भरली घागर डोक्यावर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचा. मगच दुसऱ्या कोणाचा पाय तिच्यावर पडायचा. पण जन्मात पहिल्यांदा कोणीतरी सोमजीकडे त्याच्या हाताला शोभेलसे काम मागितले होते. तो हो म्हणाला.

वाळू आणि पाण्याने त्याने चार महिने दगड घासले. मग नारळाच्या सोडणाने घोटले. वर खोबरेल तेलाचा हात दिला. येसू येता-जाता बघत होती. एका संध्याकाळी चुलीपुढे ती म्हणाली, "अवो, त्या दगडाक टाकीचे घाव तशेच ऱ्हवांदेत. आमचे पाय सदां ओले. घसरलंव तर धरूक काय आसा थंय?"

"तुका दगडातला काय कळता?" सोमजी म्हणाला. "तू आपला पाणी वाह."

माणसाला डोळे असून दिसत नाही ते अशा वेळी. खरे तर तिने एवढेच म्हणावे असे सोमजीला वाटत होते, की काम सुंदर झालेय. ते तिने म्हटले नाही, याचा त्याला राग आला होता.

चौक पुरा झाला. बापाची रीत त्याला आठवली नाही असे नव्हे. पण पाणी ओतले तर तेलावर डाग पडतील, आणि पाहुणे तर उद्यावर आलेले. त्याने नुसता तळहात फिरवला. दगड लोण्यासारखा लागला. पाहुण्यांनी दिवसभर तोंड भरून कौतुक केले, आणि सोमजी पोफळीखाली उभा राहून ते ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया नेहमीसारख्या पाण्याला आल्या. पहिली घागर येसूची होती. काठावरून थोडे पाणी हिंदकळले, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात तिचा पाय गेला. कंबर आणि माकडहाड दगडावर आपटले. त्यानंतर येसू कधी उभी राहिली नाही.

लोक जमले. खोत म्हणाला, "बाईने जपून चालायला हवं होतं." सोमजी तिथेच होता. त्याने मान खाली घातली आणि काही बोलला नाही. तात्या इथे नेहमी थांबतात. म्हणतात, पाडले दगडाने, पण मारले ह्या गप्प राहण्याने.

रात्रभर ते गप्प राहणे सोमजीला गिळता आले नाही, असे सांगतात. उजाडताच तो टाकी-हातोडी घेऊन चौकात बसला आणि चार महिन्यांचे घोटकाम घाव घालून पुन्हा खडबडीत करू लागला. खोत तणतणत आला. तेव्हा सोमजीने काल बोलायचे ते आज बोलून टाकले. "चूक तिची न्हय, माझी आसा. दगड माझो खोटो." खोत त्याला हाकलणार, तेवढ्यात पाण्याच्या बायांनी घागरी विहिरीच्या काठावर ओळीने पालथ्या घातल्या. चार दिवस कोणी पाणी वाहिले नाही. पोफळी माना टाकू लागल्या तेव्हा खोत नमला. म्हणाला, कर काय करायचे ते.

येसूचे सगळे करता करता एकेक दगड खडबडीत करायला आठ-आठ दिवस लागत. सोमजीची झोपडी कुंपणाला लागूनच होती. येसू अंथरुणावर पडल्या पडल्या टाकीचा आवाज ऐकायची. सांजेला तो आला की म्हणायची, "आज दुपारच्यान तीन घाव पोकळ पडले." आणि ते खरे असायचे. दगडातले तिला काय कळते, असे तो पुन्हा कधी म्हणाला नाही. तिला भरवायचा, कूस वळवायचा, आणि सकाळी पुन्हा टाकी उचलायचा. असे म्हणे पुरे वर्ष गेले.

शेवटी पूर्वेचा कोपराच तेवढा राहिला. तो दगड सोमजीने मुद्दाम मागे ठेवला होता. त्याच्याकडे बघवत नव्हते. येसू तोवर पार खंगली होती. तिने त्याला जवळ बोलावले.

"तो एक तसोच ठेवा."

"कित्याक? थंयच तर तू पडलंस."

"पडाच्या आधी माका माझा तोंड दिसला त्येच्यात," येसू म्हणाली. "आरशी खंय होती आपल्याकडे? काम बरा झालाला तुमचा. सांगूचाच ऱ्हवला."

ज्या एका शब्दासाठी त्याने सगळे केले होते, तो असा आला. सोमजी उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. त्याच आठवड्यात येसू गेली. तिचे दिवस झाल्यावर सोमजीने चौकावर पाणी ओतले, तिची चेपलेली घागर भरून डोक्यावर घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. एका दगडाला वळसा घालून. मग टाकी त्याने विहिरीत टाकली.

पावसाच्या आधी तो दगड ओला होतो, आणि तो सोमजीच रडतो असे गाव म्हणते. दमट हवेत गुळगुळीत दगड घामेजणारच, असे शाळेतले गुरुजी सांगतात. त्यांचेही बरोबर असेल.

आजही कातळवेळात कोणी अंगणात फरशी घातली, तर घालणाऱ्याने पाणी ओतून, भरली घागर घेऊन, अनवाणी तिच्यावर चालून दाखवावे लागते. गेल्या साली कुडाळचा एक ठेकेदार चकचकीत लाद्या घेऊन आला होता. घागर बघताच लाद्या परत घेऊन गेला. आणि बागेत आता पंप आला, तरी चौकातून जाणाऱ्या बाया पूर्वेच्या कोपऱ्याला वळसाच घालतात. त्याच्यावर पाय ठेवत नाहीत. थांबून, वाकून, एकदा तोंड मात्र बघून जातात.