विचारून आलेला आत्मा

"तीन दिवस अन्नाचा कण द्यायचा नाही. भुकेनं ती वाकली की तिच्यातला तोही वाकतो."

"आणि पाणी, ब्रदर?"

"पाणी चालेल. चमच्यानं."

हे मी ऐकायचं नव्हतं. मला सासूबाईंनी हौदावर पाठवलं होतं, पण हौदाला पाणीच नव्हतं, म्हणून मी रिकामी कळशी घेऊन लगेच परतले. नव्या सुनेचं एक बरं असतं. ती घरात आहे की नाही, याची अजून कुणाला सवय झालेली नसते.

बाहेरच्या खोलीत थिओफिल ब्रदर बशीतून चहा पीत होते. ते आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक नव्हेत. मोटारसायकलवरून गावोगाव फिरतात, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतात. समोर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदरानं वारा घेत बसल्या होत्या. पाण्याचं विचारणारे माझे मोठे दीर. आणि जिला चमच्यानं पाणी चालणार होतं ती त्यांची बायको, माझी जाऊ, मार्थाताई.

ताईंचं तिसरं बाळ मार्चमध्ये, जन्मानंतर नवव्या दिवशी गेलं. तेव्हापासून ताई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बोलत नाहीत. कुणी घास हातात दिला तर अर्धी भाकरी खातात, नाहीतर तीही नाही. थिओफिल ब्रदरनी पहिल्याच दिवशी उंबऱ्यातून बघून सांगितलं, दुष्टात्मा आहे. घरच्यांना जरा बरं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं की घरच्यांना बरं वाटतं. आता उद्या सकाळपासून उपास. अर्ध्या भाकरीवर जगणाऱ्या बाईला तीन दिवस उपाशी ठेवलं तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

"आलीस का एवढ्यात?" आत्याबाई दचकल्या. "जा, पोरांना झोपव. भर उन्हात बोंबलत फिरतायत."

मी "हो" म्हणाले. या घरात येऊन मला दोन महिने झाले. त्यात मी बहुतेक "हो"च म्हणाले आहे.

मधल्या खोलीत चटई टाकली. ताईंची बेका आठ वर्षांची, योना पाच. एका बाजूला पडदा, पडद्यापलीकडे ताई. दुसऱ्या बाजूला दार, दारापलीकडे चहा. इथे एका खोलीत शिंकलं तर तिन्ही खोल्यांत "प्रभू भलं करो" म्हणतात.

"काकू, गोष्ट," योना म्हणाला.

मला गोष्ट येते एकच. माझ्या आजीची. आजी मंडळीच्या देवळात झाडलोट करायची. तिला वाचता येत नव्हतं, पण पवित्र शास्त्रातला कुठला आत्मा कुठून निघाला आणि कुणाला विचारून निघाला, हे सगळं तिला पाठ होतं.

मी सांगायला लागले.

एका देशाला राजा होता बरं का. राजाला राणी होती. राणीला पाळणा होता. आणि पाळण्यात काही नव्हतं.

"आमच्यासारखं," बेका म्हणाली.

"राण्यांचंही होतं तसं."

मग काय झालं, एका सकाळी राणीच्या छातीवर एक आत्मा येऊन बसला. राखेच्या रंगाचा. मांजर बसतं ना पाय पोटाखाली घेऊन, तसा. चावला नाही, ओरबाडलं नाही. नुसता बसला. पण जड होता. राणीला उठता येईना, बोलता येईना. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिली.

"मी त्याला दगड मारला असता," योना म्हणाला.

राजालाही अगदी तसंच वाटलं. राजा म्हणाला, हा देवाचा वैरी. माझ्या घरात घुसलाय. याला हाकला! मग त्यानं दवंडी पिटली.

पहिला आला ढोलवाला. म्हणाला, आत्म्यांना आवाज सोसत नाही. मग राणीच्या उशाशी ढोल ठेवला आणि वाजवला, सकाळपासून सकाळपर्यंत. महालातली कबुतरं उडून गेली. राणीचे कान फुटले. राजानं विचारलं, "काय रे, जातोस का?" आत्मा म्हणाला, "मी विचारून आलोय." आणि बसला होता तिथेच बसला.

मग दुसरा आला धूरवाला. म्हणाला, आत्म्यांना धूर सोसत नाही. त्यानं दारंखिडक्या लावल्या आणि शेगडीवर मिरच्या टाकल्या. महालातले शिपाईसुद्धा खोकत बाहेर पळाले. राणीला कुठं पळता येतंय? तिचे डोळे गेले. राजानं विचारलं, "आता तरी जातोस का?" आत्मा म्हणाला, "मी विचारून आलोय, राजा."

मग तिसरा आला. त्याच्या हातात काहीच नव्हतं. ना ढोल, ना मिरच्या. तो म्हणाला, हिला जेवायला देऊ नका.

बाहेर बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

राणीला जेवण बंद. मग राणी हलकी झाली. आधी फुलासारखी, मग पिसासारखी, मग आत्म्याखाली कापूसभर उरली. खिडकीतून वारा आला की पलंगावरून उचलली जायची. राजा घाबरला. त्यानं तिचा पदर पलंगाच्या खुराला बांधला, पक्की गाठ मारून. मग आत्म्याला विचारलं, "अरे, आता तरी?" आत्मा म्हणाला, "राजा, मी विचारून आलोय. तिसऱ्यांदा सांगतोय."

"विचारून म्हणजे कुणाला?" बेका उठून बसली.

बघ, आठ वर्षांच्या पोरीला सुचलं. राजाला तीन माणसं येऊन गेल्यावर सुचलं. मग राजा म्हणाला, चला, देवाकडेच जातो. त्याच्या वैऱ्याची तक्रार त्यालाच सांगतो.

वर जायला तीन दरवाजे होते. पहिल्या दरवाजात घोडा ठेवावा लागला. दुसऱ्या दरवाजात मुकुट ठेवावा लागला. तिसऱ्या दरवाजात द्वारपालानं विचारलं, "कोण?"

"राजा."

"इथं राजे फार येतात. दुसरं काही असेल तर सांगा."

राजाला दुसरं काही सांगता आलं नाही. मग तो नुसताच आत गेला.

आत दरबार भरला होता. मधे देव. त्याच्याकडे कुणाला नीट बघता येत नाही, म्हणून तो कसा दिसतो ते आजीलाही ठाऊक नव्हतं. उजवीकडे उजेडाच्या रंगाचे दूत. आणि डावीकडे, बरं का, राखेच्या रंगाचे आत्मे. साखळदंडात नाही. कोठडीत नाही. अदबीनं हात बांधून रांगेत उभे, हुकमाची वाट बघत. आणि खरं सांगू? डावीकडची रांग जास्त सरळ होती.

योना झोपला. त्याचं तोंड उघडं होतं. मी त्याच्या अंगावरून माशी हाकलली.

त्या रांगेत राणीच्या छातीवरचा आत्माही होता. काम कुठवर आलं ते सांगायला आला होता. राजा म्हणाला, "देवा, हा तुझा वैरी ना?"

देव म्हणाला, "माझ्या घरात मला न विचारता कोण उभं राहील?"

"म्हणजे तूच पाठवलास?"

"यानं विचारलं. मी जा म्हणालो."

"का?"

इथे आजी थांबायची. आम्ही तिला हलवायचो, आजी, पुढे सांग, देव काय म्हणाला? ती म्हणायची, अजून काही म्हणाला नाही. मग मीही थांबले. घरात पंखा तेवढा वाजत होता. बाहेर कुणी बोलत नव्हतं, आत कुणी बोलत नव्हतं. देवाचं गप्प बसणं कसं असतं, ते साधारण असंच असावं.

"मग?" बेका हळूच म्हणाली.

मग राजा रागावला. रागावलेल्या माणसाला जरा बळ येतं. तो आत्म्याला म्हणाला, "तू माझ्या राणीचे कान फोडलेस. डोळे घालवलेस. तिला उपाशी मारलंस."

आत्म्यानं देवाकडे बघितलं. बोलू का, असं विचारलं. बघ हां, बोलायलाही विचारलं. देवानं मान हलवली. मग तो म्हणाला, "राजा, मला हद्द घालून दिली होती. तिच्या छातीवर बस, पण तिच्या जिवाला हात लावू नकोस. मी बसलो. हात लावला नाही. ढोल माझा नव्हता. मिरच्या माझ्या नव्हत्या. तिची पेज मी बंद केली नाही. हे सगळं करायच्या आधी तुम्ही कुणाला विचारलंत?"

राजा म्हणाला, "आमची हद्द आम्हाला कुणी सांगितली नाही."

"सांगायला सगळे इथंच होते," आत्मा म्हणाला. "तुम्ही कधी आला नाहीत."

मग राजा रडला. मुकुट नसला की रडायला सोपं जातं. त्यानं देवाला विचारलं, "ती कधी उठेल?" देव काही बोलला नाही. त्यानं विचारलं, "माझ्या बाळाला कुणी नेलं? तेही विचारूनच नेलं का?" देव काही बोलला नाही. शेवटी त्यानं विचारलं, "मग तोवर मी काय करू?" देव तेव्हाही बोलला नाही. पण तो राखेच्या रंगाचा आत्मा, त्यालाच राजाची कीव आली असावी. तो म्हणाला, "मी तिच्या एका बाजूला असतो. दुसरी बाजू रोज रिकामी असते. तिथं बसायला मनाई नव्हती. कुणी बसलंच नाही."

पडद्यापलीकडे ताईंची बाज एकदा करकरली.

"काकू," बेका म्हणाली, "राणी बरी झाली ना?"

तिचे डोळे मिटत आले होते, पण उत्तर घेतल्याशिवाय ते मिटणार नव्हते. मुलं झोपेतसुद्धा हिशेबाची पक्की असतात.

झाली की. राजा धावत खाली आला. त्यानं पदराची गाठ सोडली. राणीला मांडीवर घेतलं, पेज भरवली, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसून राहिला. तिला बोल म्हणाला नाही, ऊठ म्हणाला नाही. मग एका सकाळी आत्म्याची मुदत भरली. तो उठला आणि आला तसा निघून गेला. राणी उठली, न्हाली, पोटभर जेवली आणि राजाला म्हणाली, किती घाण केलीय घरात! मग दोघं खूप वर्षं राहिली, सुखानं. आणि त्या देशातली सगळी पोरं दुपारी अशी निजली की कावळे ओरडले तरी जागी झाली नाहीत. नीज आता.

"आत्मा परत आला तर?"

"तर विचारून येईल."

"देव परत जा म्हणाला तर?"

"नीज गं बाई माझी."

ती निजली. मी तिच्या पाठीवरचा हात काढला आणि वर बघितलं. दारात आत्याबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे थिओफिल ब्रदर, आणि त्यांच्याही मागे माझे दीर, पायातल्या चपलेकडे बघत.

"छान रंगवता हो तुम्ही," ब्रदर हसून म्हणाले. "पण लेकरांच्या डोक्यात असलं काही भरवू नये. देवाचा आणि दुष्टात्म्याचा संबंधच काय? देव त्याला पाताळात लोटतो. दरबारात उभा करतो असं शास्त्रात कुठंय?"

"आहे, ब्रदर," मी म्हणाले. "तो देवासमोर येऊन उभा राहतो, विचारतो आणि मग जातो. हद्दही तिथंच लिहिलीय. तुम्हाला पान माझ्यापेक्षा लवकर सापडेल."

माझाच आवाज मला ओळखीचा वाटेना. ब्रदरच्या कपाळावर आठी आली. ते आत्याबाईंना म्हणाले, "सूनबाई शास्त्री दिसतायत तुमच्या. बाई, उद्या मी येईन तेव्हा ह्यांना जरा बाहेर पाठवा. अशी शंका घरात असली की प्रार्थना चढत नाही."

"थांबा हो जरा, ब्रदर," आत्याबाई म्हणाल्या.

त्या ब्रदरकडे बघत नव्हत्या. पडद्याकडे बघत होत्या. मार्चमध्ये ते बाळ फडक्यात गुंडाळून त्यांनीच दिरांच्या हातात दिलं होतं, आणि तेव्हापासून त्या रोज पहाटे गुडघ्यांवर असतात. गुडघ्यांना काळे घट्टे पडलेत. त्यांना ताईंचं वाईट करायचं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना फक्त कुणीतरी काहीतरी करायला सांगायला हवं होतं.

त्या खाली वाकल्या आणि झोपलेल्या पोरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "राणी उठली ना पण? खरंच जेवली ना ती?"

मी उठून उभी राहिले. डोक्यावरून पदर सरकला होता, तो सारखा केला नाही.

"नाही, आत्याबाई. राजा खाली आला तेव्हा गाठ तशीच होती आणि पलंग रिकामा होता. आजी शेवट असाच सांगायची. पोरांसाठी मी बदलला. ताईंना मी आत्ता जेवायला वाढणार आहे. उद्याही वाढणार आहे, आणि परवाही. ब्रदर, तुम्ही आलात तर तुम्हालाही वाढेन, पण त्यांचं ताट उचलू देणार नाही."