फाटकावरची चौकी

डोंगरावर गोऱ्या साहेबांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. एका बंगल्याच्या फाटकापाशी पहारेकऱ्याची टीचभर चौकी होती. तिलाही बंगल्यासारखीच टोकदार कमान, लाकडी झालर आणि दगडी धुराडं. बंगला हिणवायचा, "माझी नक्कल करतेस होय गं?" चौकी ओशाळून जायची.

पुढे साहेब गेले. एका भूकंपात बंगला कोसळला. बुटकी चौकी तेवढी वाचली. नव्या मालकानं बंगला पुन्हा बांधायला राणबा गवंड्याला बोलावलं, पण नकाशा कुणापाशीच नव्हता.

राणबानं दोरीनं बंगल्याचा उरलेला पाया मोजला, मग चौकीचा. बंगला चौकीच्या बरोब्बर चौपट! त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"बाई, अख्खा बंगला पोटात सांभाळलास की गं!"

चौकी थरारली.

चौकीचं एकेक माप चौपट करत राणबानं बंगला उभारला; दोन वर्षांनी त्यावर कौलं चढली. बंगल्यानं फाटकाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "चौकीबाई, नीट उभा आहे ना मी?"